जीपवाल्यांचा संघ : महिंद्रा युनायटेडची अठ्ठेचाळीस वर्षे

आपल्या निर्मळच्या परिसरात फुटबॉल हा काही नवा खेळ नव्हे. शाळेचे पटांगण असो की भातकापणीनंतर मोकळे झालेले शेत, चेंडू मिळाला की खेळाडू आपोआप जमतात. वर्गणी काढून चषक आणला जातो, गावोगावचे संघ येतात, आणि हरलेला संघ त्याच संध्याकाळी पुढल्या वर्षाच्या गोष्टी बोलू लागतो. परंतु मोठ्या संघांचा खेळ पाहायचा तर आमच्या वडीलधाऱ्यांना नालासोपाऱ्याहून चर्चगेटची लोकल पकडून कूपरेजच्या मैदानावर जावे लागे. माझे काका फोर्टमधील एका कचेरीत कामाला होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटली की ते थेट कूपरेज गाठीत आणि रात्री जेवताना सामन्याची हकीकत सांगत. त्यांच्या बोलण्यात एक नाव वारंवार येई, ते म्हणजे महिंद्रा.

तो संघ आज अस्तित्वात नाही. २००६ साली जो संघ देशाचा विजेता ठरला, तो २०१० साली मिटला. पराभवामुळे संघ बुडाला असता तर नवल नव्हते. पण हा जिंकता जिंकता बंद झाला. असे का व्हावे, याचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कंपन्यांचे संघ

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास जुना आहे. रोव्हर्स चषक स्पर्धा येथे १८९१ साली सुरू झाली. आरंभी ती इंग्रज पलटणींचीच मक्तेदारी होती. १९०२ पासून हारवुड साखळी स्पर्धा सुरू झाली आणि १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या. त्यांची जागा मुंबईत घेतली ती प्रामुख्याने कंपन्यांच्या व सरकारी खात्यांच्या संघांनी. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे अशी कितीतरी नावे सांगता येतील. यांपैकी कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषकही जिंकला होता.

या पद्धतीचे मर्म समजून घेतले पाहिजे. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे. तो काही वेळ काम करी, उरलेला वेळ सराव करी, आणि पगार मात्र इतर कामगारांप्रमाणे महिन्याच्या महिन्याला घेई. पाय मोडला किंवा वय झाले तरी नोकरी राही. मध्यम व गरीब घरांतील मुलांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. ‘खेळून पोट भरते का?’ या प्रत्येक घरात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला त्या काळी हेच एक समाधानकारक उत्तर होते.

उदय आणि वैभव

महिंद्रा अँड महिंद्रा या जीप व ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपनीने आपला संघ १९६२ साली उभा केला. आपण लोकलने चर्चगेटला जाताना जे कांदिवली स्थानक लागते, तेथेच या कंपनीचा मोठा कारखाना आहे. जीपमुळे वृत्तपत्रांनी या खेळाडूंना ‘जीपमेन’ असे टोपणनाव दिले. पहिली अनेक वर्षे संघाची कामगिरी मुख्यतः मुंबईच्या साखळीपुरती होती. राष्ट्रीय पातळीवर दबदबा होता तो कोलकात्याचा, आणि पुढे पंजाब व गोव्याचा.

१९९६ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली आणि भारतीय फुटबॉल खऱ्या अर्थाने व्यावसायिक होऊ लागला. आता कामगार-खेळाडूंवर भागणार नव्हते. ठरावीक मुदतीचे करार, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक हे सारे आवश्यक झाले. महिंद्राने हा बदल स्वीकारला. १९९८ साली ड्युरँड चषक जिंकून संघाने आपली चुणूक दाखविली. पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ हे नवे नाव धारण केल्यावर २००१ साली पुन्हा ड्युरँड, तर २००३ व २००५ साली फेडरेशन चषक त्याने पटकावला.

कळस झाला तो २००५-०६ च्या हंगामात. गोव्याचे डेरिक परेरा हे प्रशिक्षक होते. घानाचा युसुफ याकुबू आणि ब्राझीलचा जुझे बारेतो आघाडीला होते. उजव्या बगलेवरून धावणारा स्टीव्हन डायस हा तर आपल्या मुंबईचाच. या संघाने कोलकात्याच्या दोन्ही बलाढ्य क्लबांना मागे टाकून राष्ट्रीय साखळी जिंकली. तोपर्यंत हे विजेतेपद पंजाब, कोलकाता व गोवा यांच्या बाहेर गेले नव्हते. महाराष्ट्रात ते प्रथमच आले. त्यानंतर २००६ व २००८ साली आय.एफ.ए. शिल्ड आणि २००८ साली तिसऱ्यांदा ड्युरँड चषकही संघाकडे आला. २००७ च्या ए.एफ.सी. चषक स्पर्धेत तर महिंद्रा युनायटेडने उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे लेबननच्या अल्-नेज्मेह संघापुढे त्याची वाटचाल थांबली.

अखेर

मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की हंगाम संपताच संघ बंद होईल आणि यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष दिले जाईल. निर्णय एका कचेरीत झाला आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ संपला. शालेय फुटबॉलला मदत करणे वाईट, असे कोण म्हणेल? ज्या कंपनीने इतकी वर्षे खर्च सोसला तिला दोष देणेही कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु कूपरेजच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची काही सोयही नव्हती. संघ त्याचा नव्हताच. तो तिकीट काढून आलेला पाहुणा होता.

हे एकट्या महिंद्राचे झाले नाही. पहिल्या राष्ट्रीय साखळीचा विजेता, पंजाबचा जे.सी.टी. संघ २०११ साली बंद पडला. एअर इंडिया व ओ.एन.जी.सी. यांना क्लब-परवान्याच्या अटी पुऱ्या न झाल्याने २०१३ साली राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडावे लागले. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी २०१७ नंतर दिसेनासा झाला. खालिद जमील हे महिंद्रा, एअर इंडिया व मुंबई एफसी या तिन्ही संघांतून खेळले आणि २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पण ज्या तीन संघांत ते घडले त्यांपैकी एकही आज वरच्या साखळीत नाही.

इंडोनेशियाचा दाखला

या संदर्भात इंडोनेशियाचे उदाहरण उद्बोधक वाटते. तेथे डच अमदानीत शहराशहरांतून देशी लोकांनी फुटबॉल मंडळे काढली. जाकार्ताचे पर्सिजा १९२८ चे, बांडुंगचे पर्सिब १९३३ चे. १९३० साली अशा मंडळांनी योग्यकार्ता येथे एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापली. पुढे १९७९ साली ‘गालातामा’ नावाची निमव्यावसायिक साखळी निघाली आणि तीत कंपन्यांचे संघ उतरले. तिचा पहिला विजेता वार्ना आगुंग हा रंगाच्या कंपनीचा संघ होता. क्रामा युधा तिगा बर्लियान हा वाहनांच्या व्यवसायातील कंपनीचा संघ. ‘तिगा बर्लियान’ म्हणजे तीन हिरे, अर्थात मित्सुबिशी गाड्यांचे चिन्ह. आपल्या जीपवाल्यांचा हा जणू सख्खा भाऊ. त्याने १९८५ आणि १९८६-८७ अशी दोन विजेतेपदे मिळविली आणि थोड्याच वर्षांत तो नाहीसा झाला. १९९४ साली दोन्ही साखळ्या एक करण्यात आल्या, तेव्हा पहिले विजेतेपद कोणी जिंकावे? शहराच्या पर्सिबने! हाच पर्सिब २०२३-२४ व २०२४-२५ मध्येही विजेता ठरला. त्याचा कारभारही आता कंपनीच्या पद्धतीनेच चालतो. पण संघ बांडुंगकरांचा आहे हे कोणी नाकारू शकत नाही.

आपल्याकडे कोलकात्यात हेच दिसते. ईस्ट बंगाल हा १९२० साली स्थापन झालेला, सभासदांचा क्लब. २०१८ पासून त्याचे गुंतवणूकदार तीनदा बदलले. भांडणे झाली, हंगाम वाया गेले, पण क्लब टिकला. कारण पैसा देणारा निघून गेला तरी मागे सभासद उरले होते.

तात्पर्य

पैशावाचून व्यावसायिक फुटबॉल चालत नाही, हे खरे. २०१४ साली मुंबई सिटी एफसी हा नवा संघ निघाला. २०२०-२१ मध्ये त्याने इंडियन सुपर लीग जिंकली आणि २०२२ साली इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळविला. या यशाचा आपल्याला आनंदच आहे. परंतु महिंद्रा युनायटेडचा इतिहास सांगतो की चषकांच्या संख्येवरून संघाचे आयुष्य ठरत नाही. संघ अडचणीत आला तर ‘हा आमचा आहे’ म्हणून उभे राहणारे किती, यावरून ते ठरते.

गावातल्या आपल्या संघांकडे ना परदेशी खेळाडू, ना प्रशिक्षक. जर्सीसुद्धा वर्गणीतून येते. पण तो बंद करायचा तर घराघरांत विचारावे लागेल, आणि मला नाही वाटत की कोणी ‘हो’ म्हणेल. काका आता थकले आहेत. महिंद्राचा विषय काढला की ते अजून सामन्यांच्या आठवणी सांगतात. मात्र संध्याकाळी काठी टेकीत जातात ते गावच्या पोरांचा खेळ पाहायला. तेथे त्यांना कोणी पाहुणा समजत नाही.