लेकीचा 'पर्सनॅलिटी रिपोर्ट'

आम्ही साताऱ्याहून बराकपूरच्या छावणीत आलो तेव्हा लेक सहावीत होती. वर्गात हिंदी, खेळताना बंगाली, घरी मराठी. त्याच सत्रात एका खासगी केंद्राने मुलांची 'पर्सनॅलिटी टेस्ट' घेतली. इंग्रजीतली हो-नाही प्रश्नावली, एकाच बैठकीत. गुळगुळीत कागदावर रिपोर्ट आला : अंतर्मुख, समूहात मिसळत नाही, नेतृत्वगुण कमी. लेकीने तो वाचला आणि वक्तृत्व स्पर्धेतलं नाव काढून घेतलं. मला राग आला तो याचा. अकरा वर्षांच्या पोरीला छापलेला शब्द खराच वाटणार!

पुढे ज्या समुपदेशक बाई भेटल्या, त्यांनी आधी विचारलं, "चाचणी दिली तेव्हा हिला इथे येऊन किती दिवस झाले होते?" 'तुला खूप मित्र आहेत का?' याला नव्या गावातलं मूल 'नाही'च म्हणणार. ते उत्तर बदलीचं होतं, स्वभावाचं नव्हतं.

बाईंनी घाई केली नाही. अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली, ती मराठीत लिहू दिली आणि अर्थ तिच्याच तोंडून हिंदीत ऐकला. चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावल्या. या चाचणीच्या, मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे यांच्या मूळ चित्रांतली माणसं अमेरिकन, आपल्या मुलांना परकी. उमा चौधरी यांनी 1960 मध्ये कोलकात्यातून त्या चित्रांचं भारतीय रूप काढलं, ते याच अडचणीपायी. वर्गशिक्षिकेला समुपदेशक बाईंनी मत विचारलं नाही, घडलेले प्रसंग तारखेसह लिहून ठेवायला सांगितले. हे मला फार पटलं, कारण मत देताना एका गुणाचा रंग बाकीच्या गुणांना लागतो. अक्षर सुरेख असलं की मूल प्रामाणिकही वाटतं. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच हा दोष दाखवला होता. शिवाय डब्याच्या सुट्टीत कोणाशेजारी बसायला आवडेल, हे प्रत्येक मुलीला एकटीला विचारलं गेलं. काही जणींनी माझ्या लेकीचं नाव घेतलं होतं.

मूल सगळीकडे सारखंच वागतं असंही नाही. हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी 1928 मध्ये हजारो मुलांची प्रामाणिकता तपासली, तेव्हा परीक्षेत फसवणारं मूल खेळातही फसवेलच, असं आढळलं नाही. मग एका दुपारच्या प्रश्नावलीवर किती भार टाकायचा?

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर ती चाचणी कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित केली आहे ते आधी विचारा. उत्तर टाळलं तर रिपोर्ट बाजूला ठेवा. वर्णन 'अगदी आपल्याच मुलाचं' वाटलं म्हणून भुलू नका. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन दिलं, आणि त्यांनी ते पाचपैकी सरासरी सव्वाचार गुण देऊन आपलं मानलं. बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणाऱ्यांना तर पैसेच देऊ नका, त्याला शास्त्राचा आधार नाही. मुलाच्या हाती रिपोर्ट परस्पर जाऊ देऊ नका. आणि शाळेच्या फाइलमध्ये तो लागणारच असेल, तर चाचणीची भाषा, तारीख आणि मूल गावात कधी आलं, एवढं त्यावर लिहून घ्या. पुढच्या बदलीच्या गावी नव्या बाई तीच फाइल उघडणार आहेत.