पिकअपला हात लावण्याआधी

भाचेबुवा, सत्तरच्या दशकातली शो-बड पेडल स्टील गिटार मिळाली, तीही डबल नेक. छान झालं. आता म्हणतोस, आवाज बोथट येतो, पिकअप बदलायचाय, कुठला घेऊ? मामा कंपनीचं नाव सांगणार नाही. बदलायची गरज आहे का, हे कसं ओळखायचं आणि असलीच तर निवड कशी करायची, तेवढं सांगतो.

पहिला संशय पिकअपवर घेऊ नकोस. पेडल स्टीलमध्ये गिटार आणि अॅम्प यांच्यामध्ये व्हॉल्यूम पेडल बसलेला असतो, आणि निम्मी दुखणी तिथली असतात. पेडल पूर्ण दाबून एक तार छेड. मग पेडल अर्ध्यावर आणून तीच तार छेड. पूर्ण दाबल्यावर आवाज खुलत असेल आणि अर्ध्यावर त्यातली चमक जात असेल, तर दोष पेडलच्या पॉटचा आणि पुढच्या लांबलचक कॉर्डचा. पॉट ५०० किलोओहमचा आहे का, झिजलाय का, ते बघ. त्यानंतर पेडल काढून, आखूड कॉर्डने गिटार थेट अॅम्पला लाव. तरीही बोथटच वाटलं, तर नव्या तारा चढव. त्याही स्टीलच्या किंवा निकेल गुंडाळलेल्या हव्यात. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारांना चुंबकीय पिकअप नीट दाद देत नाही. एवढं झाल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घ्यायची नाही.

हमचंही तसंच. तारांना हात लावल्यावर हम थांबत असेल तर आर्थिंग तपास. गिटार जागच्या जागी फिरवल्यावर हम कमी-जास्त होत असेल, तर सिंगल कॉइल पिकअप आसपासचा ट्रान्सफॉर्मर किंवा डिमर ऐकतोय. बारमधल्या निऑनच्या पाट्यांखाली बसून वाजवायचं असेल तर हंबकरचा विचार कर. घरात आणि स्टुडिओत वाजवणार असशील, तर तेवढ्यासाठी जुना सिंगल कॉइल काढायचं कारण नाही.

आता मल्टिमीटर. कॉर्ड काढून ठेव आणि प्रोब थेट पिकअपच्या दोन टोकांना लाव. दहा तारांच्या जुन्या सिंगल कॉइलमध्ये १२ ते २० किलोओहमच्या दरम्यान काहीही दिसलं तर घाबरायचं कारण नाही. मीटर काहीच दाखवत नसेल आणि आवाज पत्र्यासारखा पातळ, दुरून आल्यासारखा येत असेल, तर कॉइल तुटली. बहुतेक वेळा ती टोकाशी तुटलेली असते, जिथे केसासारखी तार जाड वायरला जोडलेली असते. चांगला वाइंडर ते टोक पुन्हा जोडतो, नाहीतर त्याच बॉबिनवर नवे वेढे घालून देतो. जुना पिकअप असा वाचत असेल तर आधी वाचवावा. ज्या आवाजासाठी तू ही गिटार घेतलीस, तो त्याच चुंबकांचा आहे.

नखाने पिकअपवर टिचकी मार. अॅम्पमधून ‘टक’ मोठ्याने आलं तर वेढे सैल झालेत. गुडघ्याच्या लिव्हरचा खडखडाटही मग गाण्यात ऐकू येतो. यावर मेणात बुडवण्याचा उपाय आहे, पण जुनं प्लॅस्टिक उष्णतेने वाकडं होतं. घरच्या पातेल्यात हा प्रयोग करू नकोस.

एवढं करूनही नवाच घ्यायचा ठरला, तर किलोओहमच्या आकड्यावर भाळू नकोस. विकणारे तोच आकडा पुढे करतात. तार एका नंबरने बारीक केली, ४२ ऐवजी ४३ गेजची घेतली, की तेवढ्याच वेढ्यांना ओहम सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतात. ताकद मात्र वाढत नाही. त्यात तांब्याचा रोध दर डिग्री सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्याने बदलतो. जानेवारीत गार गॅरेजमध्ये १७ भरलेला पिकअप जुलैच्या उकाड्यात साडेअठराच्या घरात जाईल. म्हणून विचारायचं ते हे: तार कुठल्या गेजची, वेढे किती, चुंबक कुठला. विकणाऱ्याकडे उत्तर नसेल तर दुसऱ्याकडे जा. एकाच वाइंडरचे दोन पिकअप ताडून बघायला मात्र ओहम चालतात. वेढे जास्त म्हणजे आवाज जाड, वरची चमक कमी. वेढे कमी म्हणजे आवाज मोकळा, पण अॅम्प जास्त उघडावा लागतो.

मग मापं. खाच आणि स्क्रूची भोकं यांच्यावर कागद धरून शिसपेन्सिल घास, नकाशा तयार होईल. तो वाइंडरला पाठव. शो-बड, एमन्स, एमएसए, फेंडर यांची बैठक सारखी असेल असं धरून चालू नये. पिकअपवरून जाताना पहिल्या आणि दहाव्या तारेत किती अंतर आहे, तेही मोज. वेगवेगळे पोल असलेला पिकअप घेतलास तर प्रत्येक तार आपापल्या पोलवरून जायला हवी. सलग पट्टीच्या पिकअपला ही अडचण कमी. पिकअप बसत नसेल तर पिकअप परत कर. गिटारचं लाकूड किंवा धातू तासायचं नाही, म्हणजे नाही.

बसवल्यावर उंची. जुनी मंडळी तारेखाली अमेरिकन क्वार्टरची दोन नाणी सरकवून बघतात, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. तिथून सुरुवात कर आणि एका वेळी स्क्रू अर्धा फेरा फिरव. फार जवळ नेलास तर जाड तारा गुरगुरतात आणि चुंबकाची ओढ सुरात शिरते. ई-नाइन नेकवर सहावी तार साधी असेल तर ती बाकीच्यांवर ओरडते. आधी गुंडाळलेली तार लावून बघ. सी-सिक्सच्या खालच्या तारा तर ०.०७० इंचापर्यंत जाड. दोन्ही नेकना एकच उंची ठेवू नकोस. स्विच मारल्यावर आवाज उडी मारणार नाही, इतपत जुळव.

ऐकताना भरभर वाजवू नकोस. लहानपणी ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐकलीयस, तोच कान इथे लाव. तिसऱ्या तारेवर एक संथ मींड घे, मग दहाव्या तारेवर घे. सूर शेवटपर्यंत भरलेला राहतो का, की मध्येच पोकळ होतो? हातातल्या स्टील बारचा खरखराट सुरापेक्षा पुढे येतो का? बँडमध्ये वाजवून ठरव. एकट्याने गोड वाटलेला पिकअप ड्रम आणि बासमध्ये कित्येकदा बुडतो.

आणि मूळ पिकअप टाकून द्यायचा नाही, मेला असला तरी. कागदात गुंडाळ, गिटारचा नंबर लिही आणि स्पीकरपासून लांब ठेव, कारण शेजारच्या तगड्या चुंबकाने अल्निको कमजोर होतो. उद्या विकायची वेळ आली तर घेणारा पहिल्यांदा तोच मागेल.

या आठवड्यात पेडलचा पॉट आणि कॉइलचे ओहम, एवढंच बघ. आकडे हातात असले की रविवारी फोन कर. तोवर पैसे खिशातच राहू देत.