आधी खराटा, मग कीर्तन

पुढारी म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पांढरे कपडे, गळ्यात हार, मागे चार माणसे. मोटार आली की पोरे धावतात. पण गावाचे काम अशा पुढाऱ्यावाचूनही होते. कधी कधी तर त्याच्यावाचूनच बरे होते! या धड्यात दुसऱ्या तऱ्हेच्या पुढाऱ्यांची माहिती वाचा.

पहिला पुढारी तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. गाडगेबाबा. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाच्या घरी वाढला. त्याने गुरे राखली, नांगर धरला. शाळा काही त्याच्या वाट्याला आली नाही. तुम्ही आज हा धडा वाचता आहात. डेबूजीला तेवढेही अक्षर येत नव्हते. तरी हजारो माणसे त्याच्या शब्दावर कामाला लागली. हे कसे झाले?

१९०५ साली बाबांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे. जवळ एक मातीचे गाडगे आणि खराटा. गावात शिरले की ते कुणाच्या ओसरीवर बसत नसत. खराटा घेत आणि रस्ता झाडू लागत. कुणी हसे, कुणी वेडा म्हणे. बाबा आपले झाडतच राहत. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ज्याने सकाळी आपल्या दारची घाण काढली, तो रात्री बोलतो आहे म्हटल्यावर त्याला कोण म्हणणार, 'आधी स्वतःचे अंगण झाड' म्हणून?

आणखी एक गंमत बघा. बाबा कीर्तनात नुसते सांगत नसत. आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांना विचारत. दारू चांगली का वाईट? कर्ज काढून लग्न करावे का? देवाला बकरे कापावे का? उत्तर लोकच देत. माणूस दुसऱ्याचे सांगणे विसरतो. चारचौघांत आपल्या तोंडून गेलेला शब्द मात्र सहसा विसरत नाही. सभेत तासभर बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्याकडे तर बोलणारे फार आणि विचारणारे थोडे!

बाबा कुणाला पाया पडू देत नसत. लोकांनी पैसा दिला, त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. पण त्यावर घरच्या माणसांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा वारले.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, गावाने ठरवले की डोंगरावर चर खणायचे. पावसाचे पाणी अडवायचे. पहिल्या दिवशी काय थाट असतो! हलगी वाजते, नारळ फुटतो, फोटो निघतो. दीडशे माणूस लोटते. आठव्या दिवशी चाळीस येतात. पंधराव्या दिवशी बारा. मग लोक म्हणतात, 'आमचं गावच असलं.'

गाव असले नसते हो. नीट पाहिले तर कारणे सापडतात. पन्नास माणसे आणि टिकाव आठ. उरलेल्यांनी करायचे काय? उभे राहून कंटाळतात, घरी जातात. कुणी दोन तास खणले, कुणी मेहुण्याशी बोलत बसला. मोजमाप नाही. खणणाऱ्याला वाटते, मीच खुळा. काम सकाळी नऊला ठेवले. त्या वेळी मजूर रोजावर गेलेला असतो आणि बायांच्या भाकरी व्हायच्या असतात. वेळ ठरवताना बायांना विचारले होते का? पाणी तर त्याच वाहतात.

आणि उशिरा आलेल्या माणसाला पुढारी सगळ्यांसमोर टोमणा मारतो. झाले! तो उद्या येत नाही, त्याची भावकीही येत नाही. श्रमदानाला आलेला माणूस रोजंदारीचा नसतो. त्याला हुकूम चालत नाही. म्हणून अशा कामावर पुढारीपण फार लवकर शिकता येते. 'या' म्हणायचे आणि आला की त्याच्या हातात घमेले द्यायचे, इतकाच अधिकार तिथे असतो.

पण सगळ्यांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. ती सहसा कुणी उघड बोलत नाही. डोंगरावर पाणी अडले तर कुणाची विहीर भरते? ज्याचे रान खाली आहे त्याची. ज्याला रानच नाही, त्याने घाम का गाळायचा? हा सवाल भांडखोरपणाचा नाही, रास्त आहे. चर खणले की डोंगरावर चराई बंद करावी लागते. नाहीतर गवत आणि रोपे टिकत नाहीत. मग ज्याच्या चार शेळ्या डोंगरावर चरतात, त्या भूमिहीनाचे तर नुकसानच होते. याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या कामावर गरिबाने का यावे?

याचे उत्तर एका गावाने काढले. त्याचे नाव हिवरे बाजार. ते पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पाऊस तिथे थोडा, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची दशा झाली होती. डोंगर उघडे पडले. माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेली. गावात दारू आणि भांडणे राहिली. १९८९ साली शिकलेला एक तरुण, पोपटराव पवार, बिनविरोध सरपंच झाला. पुढे १९९४ साली सरकारची आदर्श गाव योजना आली. काम नुसत्या श्रमदानावर झाले, असे मात्र समजू नका. सरकारी योजनांचा पैसाही लागला. श्रमदानाने झाले ते हे, की काम गावाचे आहे असे गावाला वाटले.

गावाने बंधने घालून घेतली. श्रमदान करायचे. झाडावर कुऱ्हाड नाही. डोंगरावर मोकळी चराई नाही. दारू नाही. शेतीसाठी बोअर पाडायची नाही आणि ऊस लावायचा नाही. पण चराई बंद केली म्हणून गवत काही कुलपात ठेवले नाही. विळ्याने कापा, भारा बांधा आणि घरी न्या. गुरे दावणीला बांधून घाला. ज्याला जमीन नाही त्यालाही दुभते जनावर पोसता आले. १९९० नंतरच्या त्या वर्षांत गावाचे दूध दिवसाला दीडशे लिटर होते. ते पुढे हजारांच्या घरात गेले.

तिथे दरवर्षी पाण्याचा हिशेब होतो. पाऊस किती पडला ते मोजतात आणि ग्रामसभेत सांगतात. आधी माणसांचे आणि गुरांचे प्यायचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. पाऊस थोडा, तर जास्त पाण्याचे पीक नाही. आकडे सगळ्यांपुढे असले की 'त्याला पाणी मिळाले, मला नाही' ही कुजबुज थांबते. पैशाचा हिशेबही असाच देवळाच्या भिंतीवर लावून पाहा. आता तर तुम्हांला तो स्वतः वाचताही येईल.

हिशेब करा

एक चर चार मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे. म्हणजे तो एक घनमीटर झाला. एकदा भरला की त्यात एक हजार लिटर पाणी मावते. मोठ्या टँकरमध्ये दहा हजार लिटर पाणी येते असे धरा.

१. एका टँकरइतके पाणी अडवायला असे किती चर लागतील?

२. चाळीस माणसांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या. दर जोडीने एक चर खणला. किती लिटर पाणी अडेल?

३. तुमच्या गावी पाणी अडवले तर भूमिहीनांना काय मिळेल? वर्गात बोला. ज्याला जमीन नाही, त्याला आधी बोलू द्या.