जेट विमानातील ‘ब्लीड’ हवा

सुमारे ३५ हजार फूट उंचीवरून जाणाऱ्या प्रवासी विमानाबाहेर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी असतो आणि तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा विरळ हवेत माणसाची विचारशक्ती एका मिनिटाच्या आतच लोपू लागते. तरीही विमानातील प्रवासी स्वस्थपणे भोजन व वाचन करीत असतात. बहुतेक जेट विमानांत हे शक्य होते ते ‘ब्लीड एअर’ या व्यवस्थेमुळे. ‘ब्लीड’ या शब्दाचा येथील अर्थ ‘थोडा भाग काढून घेणे’ एवढाच आहे.

हवेचा उगम

जेट इंजिन पुढील बाजूने हवा ओढून घेते. संपीडकातील फिरत्या पात्यांच्या रांगा ती हवा टप्प्याटप्प्याने दाबतात. त्यानंतर दहनकक्षात तीत इंधन मिसळून ज्वलन घडविले जाते. ब्लीड हवा संपीडकातून, म्हणजे इंधन मिसळण्यापूर्वीच काढून घेतात. त्यामुळे प्रवाशांना इंजिनाचा धूर मिळतो, हा समज चुकीचा आहे. इंजिनातील वंगण गळू लागल्यास मात्र त्याची वाफ या हवेत शिरू शकते. म्हणून तेथील सांध्यांची देखभाल दक्षतेने करावी लागते.

ज्वलन झालेले नसले तरी ही हवा अतिशय उष्ण असते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, त्याचेच हे मोठे रूप होय. विमान खाली उतरत असताना इंजिनाची गती मंदावते व मधल्या टप्प्यावरील दाब अपुरा पडतो. अशा वेळी अनेक विमानांत अधिक दाबाच्या टप्प्यावरील झडप आपोआप उघडते.

थंडावा आणि दाब

इंजिनाच्या पंख्याकडील थंड हवेच्या साह्याने ब्लीड हवेचे तापमान प्रथम सुमारे २०० अंशांपर्यंत उतरविले जाते. पुढे वातानुकूलन यंत्रात ती पुन्हा दाबली जाते, बाहेरील वाऱ्याने निवविली जाते आणि एका लहान टर्बाइनमधून प्रसरण पावू दिली जाते. प्रसरणामुळे ती झपाट्याने थंड होते व योग्य तापमानास आणून केबिनमध्ये सोडली जाते.

केबिनमधील दाब ठरविते ती मागील बाजूची निर्गम झडप. हवा आत येत राहते आणि झडप ती मोजून बाहेर सोडते. केबिनमधील हवा साधारणतः ८ हजार फूट उंचीवरील हवेहून विरळ होऊ दिली जात नाही. ही उंची कळसूबाई शिखराच्या सुमारे दीडपट होय. हीच ब्लीड हवा पंखांच्या कडांवर बर्फ साचू देत नाही आणि इंजिन सुरू करण्यासही उपयोगी पडते.

दक्षतेचे महत्त्व

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरकडे निघालेल्या एका बोइंग ७३७ विमानात केबिनचा दाब राखणारे बटण सुरू करावयाचे राहून गेले, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. प्राणवायूचे मुखवटे खाली आले, अनेक प्रवाशांच्या नाकातून रक्त आले, काहींचे कान दुखू लागले आणि विमान मुंबईस परतले.

सायप्रसमधील हेलिओस कंपनीच्या विमानाची १४ ऑगस्ट २००५ ची घटना याहून भीषण होती. दाबनियंत्रक देखभालीनंतर ‘स्वयंचलित’ऐवजी ‘हस्तचलित’ स्थितीत राहिला होता. निर्गम झडप पुरेशी मिटली नाही, वैमानिकांची शुद्ध हरपली आणि इंधन संपल्यावर विमान ग्रीसमध्ये कोसळून १२१ जणांचा मृत्यू झाला. केबिनला हवेचा पुरवठा आणि तिच्या निर्गमाचे नियंत्रण, दोन्ही चोख असावी लागतात, हे या घटनांवरून दिसते.

पर्यायी मार्ग

इंजिनातून हवा काढून घेतल्याने त्याची काही शक्ती खर्ची पडते व इंधन अधिक लागते. म्हणून २०११ साली सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानात विजेवर चालणारे स्वतंत्र संपीडक केबिनसाठी बाहेरील हवा दाबून घेतात. इंजिनाच्या मुखावरील बर्फ रोखण्यासाठी मात्र तेथेही इंजिनाचीच हवा वापरली जाते. व्यवस्था कोणतीही असो, उड्डाणापूर्वीच्या तपासणीसूचीतील प्रत्येक बाब प्रत्यक्ष पाहूनच पुढे जाणे, यावर प्रवाशांचा श्वास अवलंबून असतो.