सुवार्ता सांगावी कोणीं?

"मिशन" हा शब्द आपल्या कानांस इतका ओळखीचा झाला आहे कीं, त्याचा अर्थ काय, हें विचारण्याची गरजच आपणांस वाटेनाशी झाली आहे. मिशन म्हटलें कीं, एखादें इस्पितळ, एखादी जुनी शाळा, आणि पूर्वीं दूर देशांहून आलेले साहेब व मडमसाहेब, एवढेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हीं मिशनचीं साधनें व फळें होत. मिशन म्हणजे तें नव्हे. ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाहावा, व सुवार्ता सांगण्याचें काम नेमकें कोणाकडे सोंपविलें आहे ह्याचा शास्त्राच्या व इतिहासाच्या आधारें विचार करावा, असें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

(१) शब्दाचा अर्थ

मिशन हा शब्द लॅटिन भाषेंतील "पाठविणें" ह्या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. मराठी शास्त्रांत आपण ज्यांस "प्रेषित" म्हणतों, त्यांच्या मूळ ग्रीक नांवाचा अर्थही "पाठविलेला" असाच आहे. तेव्हां मिशन म्हणजे पाठवणूक. देवानें आपल्या पुत्रास जगांत पाठविलें, आणि पुनरुत्थित प्रभूनें पित्याच्याच रीतीनें आपल्या शिष्यांस पाठविलें, असें योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. मिशनचा उगम असा देवाच्या अंतःकरणांत आहे. लंडनच्या, बॉस्टनच्या किंवा मुंबईच्या कचेरींत नव्हे.

पाठविलेल्याजवळ निरोप असतो. त्या निरोपास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्याचें "सुवार्ता" हें अगदीं हुबेहुब रूप आहे. "सु" म्हणजे चांगली व "वार्ता" म्हणजे बातमी. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उपदेश करण्यास अधिकार लागतो, वादास विद्वत्ता लागते. परंतु वार्तेस ती स्वतःस ठाऊक असणें एवढेंच पुरतें. दुष्काळाच्या दिवसांत पाटाला पाणी सुटल्याचें जो धांवत येऊन सांगतो, त्याची परीक्षा कोणती झाली आहे हें गांवांत कोणीही विचारीत नाहीं. पाणी त्यानें पाहिलें आहे, हेंच त्याचें प्रमाणपत्र.

(२) शास्त्रांतील निनांवी माणसें

मग ही वार्ता सांगितली कोणीं? प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडून पाहा. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेंत छळ सुरू झाला, आणि प्रेषितांवांचून बाकी सर्वांची पांगापांग झाली. जे पांगले, ते जातां जातां वचन सांगत गेले. म्हणजे जे नेमलेले प्रेषित, ते मागें राहिले, आणि बाहेर सुवार्ता नेली ती सामान्य विश्वासणाऱ्यांनीं. हे लोक निर्वासित होते. घरें सुटलीं, धंदे बुडाले. पण जिभेवरची वार्ता सुटली नाहीं.

ह्यांतील कांहीं माणसें, मूळचीं कुप्र व कुरेने येथलीं, अंत्युखिया शहरांत पोहोंचलीं, आणि त्यांनीं प्रथमच तेथील ग्रीक लोकांस येशूविषयीं सांगितलें. हें अकराव्या अध्यायांत आहे. त्यांचीं नांवें शास्त्रानें दिलेलीं नाहींत. तरी शिष्यांस "ख्रिस्ती" हें नांव प्रथम मिळालें तें अंत्युखियांत, आणि पौल व बर्णबा ह्यांस पहिल्या मोठ्या फेरीवर पाठविलें तेंही ह्याच मंडळीनें. जगांतील पहिली पाठविणारी मंडळी अशा रीतीनें निनांवी माणसांनीं उभी केली.

जुन्या करारांतही असेंच एक उदाहरण आहे. अरामाचा सेनापति नामान कुष्ठरोगी होता. त्याच्या घरीं इस्राएलांतून धरून आणलेली एक लहान मुलगी दासी होती. तिच्याजवळ ना पैसा, ना स्वातंत्र्य. तिनें आपल्या धनिणीस एकच वाक्य सांगितलें: शोमरोनांत एक संदेष्टा आहे, तो धन्यास बरें करील. तेवढ्यानें सेनापतीचा मार्ग बदलला. जिनें शत्रूच्या घरीं राहून शत्रूचें हित चिंतिलें, तिला सुवार्तेचें मर्म कळलें होतें असेंच म्हणावें लागेल.

(३) आपल्या महाराष्ट्रांत

आपल्या प्रांताचा इतिहास ह्याच गोष्टीची साक्ष देतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आले, मराठी शिकले, आणि १८२६ सालीं महामारीनें वारले. विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे. त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण छापिलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं अनाथ व निराधार स्त्रियांचा सांभाळ करीत असतां, इब्री व ग्रीक भाषा शिकून सबंध शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. हीं नांवें आपण आदरानें घ्यावीं.

परंतु एका माणसाचें नांव आपण क्वचितच घेतों. १८९३ सालच्या सुमारास कवि नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांचें बोलणें झालें, आणि उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांस नवा करार वाचावयास दिला. टिळकांनीं तो वाचिला; डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें; आणि १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठीं त्यांस मोठी किंमत द्यावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यापासून कित्येक वर्षें त्यांची ताटातूट झाली. पुढें १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. आज मराठी मंडळ्यांत टिळकांचीं भजनें न गातां क्वचितच एखादी उपासना होत असेल. त्या सहप्रवाशाचें नांव मात्र टिळकांस कधींच कळलें नाहीं. दोन स्टेशनांमधील थोडासा वेळ, एक पुस्तक आणि थोडी आपुलकी, एवढेंच त्याचें भांडवल होतें.

परदेशी मिशनऱ्यांचा काळ आतां सरला आहे. १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि घरचा कारभार घरच्यांच्या हातीं आला. तेव्हां "हें साहेबांचें काम" असें म्हणण्याची सोय आपणांस उरली नाहीं. पाळकसाहेबांवर सारा भार टाकून आपण केवळ रविवारीं बांकावर बसावें, हें तर अंत्युखियाच्या मंडळीस समजलेंही नसतें.

(४) सुवार्ता कोणती नव्हे

आमच्या वाचकांत सर्व धर्मांचे पालक आहेत. म्हणून हें स्पष्ट सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमिष दाखविणें ही सुवार्ता नव्हे. धाक घालणें ही सुवार्ता नव्हे. दुसऱ्याच्या देवास व आईबापांच्या श्रद्धेस हिणविणें ही तर नव्हेच नव्हे. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदानें प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. आणि त्यांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. ख्रिस्ती मनुष्यास ह्यांत खेद वाटण्याचें कारण नाहीं. मन पालटणें हें देवाचें काम आहे, असेंच आपलें शास्त्र सांगतें. साक्षीदारानें जें पाहिलें तें सांगावें. निकाल देणें त्याच्याकडे नसतें. जो लांच देऊन निकाल मिळवूं पाहतो, त्यास साक्षीदार कोण म्हणेल?

(५) विद्यार्थ्यांनीं काय करावें

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल, आम्ही तर लहान. आम्हीं काय करावें? प्रथम, चारांपैकीं एक शुभवर्तमान आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. ठाऊक नसलेली बातमी सांगतां येत नाहीं. दुसरें, तुमचें आचरण तुमच्या वार्तेस खोटें पाडणार नाहीं असें वागा. जो परीक्षेंत दुसऱ्याच्या पेपरांत डोकावतो, त्याच्या तोंडून सत्याची गोष्ट कोणी ऐकावी? जो गरीब सोबत्याच्या डब्यास हंसतो, त्याच्या प्रीतीच्या गीतास काय मोल? तिसरें, कोणीं तुमच्या आशेविषयीं विचारलें, तर सौम्यतेनें व आदरानें उत्तर द्या. आणि त्याचेंही बोलणें तितक्याच आदरानें ऐका. चौथें, आरंभ घरापासून करा. गरसेकरांच्या प्रांतांतील ज्या मनुष्यास प्रभूनें बरें केलें, तो प्रभूबरोबर नावेंतून जाऊं इच्छीत होता. प्रभूनें त्यास आपल्या घरच्यांकडे परत धाडलें.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलांस धर्म शिकविण्याचें काम शाळेवर सोडून मोकळें होऊं नका. घरांत खोटें बोलून घेतलेला पैसा आणि जेवणापूर्वींची प्रार्थना हीं दोन्हीं मूल एकाच डोळ्यांनीं पाहतें, आणि ह्यांपैकीं खरी वार्ता कोणती हें तें आपल्या मनाशीं ठरवितें.

तेव्हां सुवार्ता सांगावी कोणीं, ह्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: ज्यास ती खरोखर सुवार्ता वाटते, त्यानें. ज्यास ती तशी वाटत नाहीं, त्यानें सांगण्याची घाई करूं नये. त्यानें आधीं ती पुन्हां एकदां ऐकावी.