एक नाव, अनेक माणसे : पवित्र शास्त्रातील शल्लूम



आपल्या मंदिराच्या आवारात मिस्सानंतर ‘जोसेफ’ अशी हाक मारली तर किती माना वळतील, हे सांगायला नको. म्हणून आपण सहजच म्हणतो, श्रीरामपूरचे जोसेफ, वसईचे जोसेफ, भोसरीला कामाला आहेत ते जोसेफ. पवित्र शास्त्रही असेच करते. ‘अमक्याचा पुत्र’, ‘तमक्या गावचा’, ‘अमुक कामावर असलेला’ असे शब्द नावाला जोडते. वाचताना मात्र आपण हे शब्द भराभर मागे टाकतो आणि मग एकाचे पाप दुसऱ्याच्या नावावर जाते. शल्लूम या नावाचे असेच झाले आहे. कोणी विचारले तर बहुतेकांना आठवतो तो एकच शल्लूम, राजाचा खून करणारा. जुन्या करारात या नावाची चौदा-पंधरा माणसे आहेत. नक्की किती, हे कोणा दोघांना एक मानायचे यावर ठरते.

नावाचा अर्थ ‘भरपाई झालेला’, ‘परतफेड मिळालेला’ असा आहे. अलीकडे आपण मुलामुलींना ठेवतो त्या ‘शालोम’ नावाचे आणि याचे मूळ एकच. आधीचे मूल देवाघरी गेल्यावर झालेल्या मुलाला हे नाव देत असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

बापाचे नाव आणि गाव जोडून माणूस ओळखण्याची रीत आपल्याला परकी नाही. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाने इब्री नावे जपली आणि त्यांना मराठी वळण दिले. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी दिवेकर होते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावावरून आलेले आडनाव. ही तीन असली की दहा शमुवेलांतूनही नेमका माणूस सापडतो.

आधी तो राजा. याबेशचा पुत्र शल्लूम याने जखऱ्या राजाला ठार मारून शोमरोनात गादी बळकावली. महिनाभरात मनहेमाने त्यालाही मारले (२ राजे १५). ही गोष्ट इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या मध्यास घडली. याच्याविषयी एवढे पुरे.

त्याच उत्तरेच्या राज्यात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, आणखी एका शल्लूमचे नाव येते. पेकह राजाच्या सैन्याने यहूदावर स्वारी केली आणि स्त्रिया व मुलेबाळे मिळून दोन लाख माणसे कैद करून शोमरोनाकडे आणली, असे इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात सांगितले आहे. आकडा फार मोठा वाटतो, पण या ग्रंथात आकडे असेच असतात. सैन्य जिंकून परतत असताना ओदेद नावाचा संदेष्टा पुढे आला आणि आपल्याच भाऊबंदांना गुलाम करता काय, असे त्याने विचारले. तेव्हा एफ्राईमचे चार पुढारी सैन्याच्या आडवे उभे राहिले. त्यांपैकी एक शल्लूमचा पुत्र यहिज्कीया. जिंकून आलेल्या, हातात शस्त्रे असलेल्या आपल्याच माणसांना अडवणे हे काही सोपे काम नव्हे. पण सैनिकांनी कैदी आणि लूट दोन्ही सोडून दिली. मग उघड्यांना कपडे दिले, पायांत वहाणा घातल्या, जेवूखाऊ घातले, अंगाला तेल लावले, अशक्तांना गाढवांवर बसवले आणि यरीहोपर्यंत पोहोचवून लोक माघारी शोमरोनास आले.

तेल, जनावरावर बसवणे, यरीहो आणि शोमरोनची माणसे. लूकलिखित शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला येथे आठवल्याशिवाय राहत नाही. प्रभू येशूने दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्या शास्त्र्याला हा जुना प्रसंग ठाऊक असणार, असे आम्हाला वाटते. यहिज्कीयाच्या बापाविषयी शास्त्र एक अक्षरही सांगत नाही. पण त्या काळात शल्लूम म्हटले की लोकांना खुनी राजाच आठवत असेल, आणि या मुलाने तेच नाव बापाचे म्हणून लावले होते.

आता दक्षिणेत, यरुशलेमला येऊ. इ.स.पूर्व ६२२ च्या सुमारास योशीया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो ज्या प्रमुख याजकाला सापडला त्या हिल्कियाच्या वडिलांचे नाव शल्लूम (१ इतिहास ६). ग्रंथाचा अर्थ विचारायला तो ज्या संदेष्टीकडे गेला त्या हुल्दाच्या नवऱ्याचे नाव शल्लूम. तो वस्त्रागार सांभाळत असे. आणि खुद्द योशीया राजाच्या एका मुलाचेही नाव शल्लूमच. हाच पुढे यहोआहाज या नावाने गादीवर बसला आणि इ.स.पूर्व ६०९ मध्ये तीन महिन्यांतच फारोने त्याला मिसर देशात नेले. तो परत आला नाही. एका कथेत तीन शल्लूम! मिस्सामध्ये मात्र यातला एकही ऐकू येत नाही. सम वर्षी सामान्यकाळाच्या १२ व्या सप्ताहातील बुधवारी ही कथा वाचली जाते, पण वाचन हुल्दाचे वचन येण्याआधीच थांबून पुढच्या अध्यायावर जाते. म्हणून घरी २२ वा अध्याय पूर्ण वाचावा. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये बारूखाचा ग्रंथ आहे. त्याच्या पहिल्या अध्यायातही हिल्किया आणि त्याचा बाप शल्लूम हे पुन्हा भेटतात.

त्याच पिढीतला चौथा शल्लूम म्हणजे यिर्मयाचा चुलता. त्याचा मुलगा हनामेल तुरुंगात असलेल्या यिर्मयाकडे आला आणि अनाथोथचे शेत विकत घे म्हणाला (यिर्मया ३२). बाबेलच्या सैन्याने शहराला वेढा घातला होता आणि अनाथोथ तर शहराबाहेर होते. चाकण-तळेगाव पट्ट्यात जमिनींचे व्यवहार पाहिलेल्या आपल्या लोकांना हा अध्याय लगेच कळेल. घेणारा भाऊबंद, कारण शेत घराण्यात राखण्याचा पहिला हक्क त्याचा. किंमत सतरा शेकेल चांदी, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांनी सह्या केल्या, चांदी तराजूत तोलून दिली. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही बारूखाने मातीच्या भांड्यात ठेवायच्या होत्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. शत्रूच्या ताब्यातली जमीन पूर्ण दाम मोजून घेणे हा शहाण्याचा व्यवहार नव्हे. यिर्मयालाही तसेच वाटले आणि त्याने प्रार्थनेत देवाला ते विचारले. या देशात पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील, हे वचन त्याला आधीच मिळाले होते.

बंदिवासानंतर या नावाची काही माणसे कामाच्या यादीत सापडतात. कोरहाच्या घराण्यातील शल्लूम हा मंदिराच्या द्वारपालांचा मुख्य होता (१ इतिहास ९). एकूण द्वारपाल २१२. खेड्यापाड्यांतले त्यांचे भाऊबंद सात-सात दिवसांच्या पाळीने येत. प्रमुख द्वारपाल रात्री मंदिराच्या भोवतीच राहत आणि रोज सकाळी दारे उघडण्याचे काम त्यांचेच होते. शल्लूमचा थोरला मुलगा मत्तिथ्या तव्यावरच्या भाकरींवर होता. आपल्या धर्मग्रामातील जी माणसे कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करून तशीच सकाळच्या मिस्साला येतात, त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. देवाच्या घराचा उंबरठा राखण्याची आवड सांगणारे ८४ वे स्तोत्र याच कोरहाच्या घराण्याचे आहे. एज्राच्या यादीत शल्लूम आदी द्वारपाल घराण्यांचे लोक १३९ आहेत आणि नहेम्याच्या यादीत १३८. एक माणूस कोठे गेला? हाताने नकला करताना असे फरक पडतात. हजेरीपट लिहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

शेवटचा शल्लूम हल्लोहेशचा पुत्र. तो यरुशलेमच्या अर्ध्या प्रांताचा अधिकारी होता. इ.स.पूर्व ४४५ मध्ये नहेम्याने पडलेला तट बांधायला घेतला आणि तो ५२ दिवसांत पुरा झाला. तिसऱ्या अध्यायात कोणी कोणता भाग बांधला त्याची लांबलचक यादी आहे. वाचकाला कंटाळा येईल अशी, पण ती सोडू नये. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही त्यात नोंदवले आहे. बाराव्या ओवीत हा शल्लूम येतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली. बांधणाऱ्यांच्या त्या सबंध यादीत मुलींचा उल्लेख एवढाच. काही टीकाकारांना हे पटले नाही. येथे ‘मुली’ म्हणजे त्याच्या अखत्यारीतली खेडी, असा अर्थ त्यांनी लावून पाहिला. इब्री भाषेत तसा प्रयोग आहे खरा. पण तट दगडांनी बांधतात आणि दगड माणसे उचलतात, म्हणून आम्ही सरळ अर्थच घेतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आपल्या किती मुली लाइनवर उभ्या राहून काम करतात, हे आपण रोज पाहतो.

त्या मुलींची नावे मात्र यादीत नाहीत. किती होत्या, तेही नाही. बापाच्या नावाची चौदा-पंधरा माणसे शास्त्रात असल्याने, त्यांना शोधायचे तर हल्लोहेश हे आजोबांचे नावच धरून शोधावे लागते.