हरीतकीच्या बीजाची सुप्तावस्था व रुजवण

त्रिफळा, अभयारिष्ट, अगस्त्य हरीतकी ही औषधे आपल्या नित्य व्यवहारातील आहेत. त्यांतील हिरडा आपण बाजारातून घेतो; तो पेरून उगविण्याचा प्रसंग मात्र आपल्यापैकी थोड्यांवरच येतो. म्हणून या विषयाचा येथे विचार करीत आहोत.

महाबळेश्वर, जावळी व पाटणचा घाटमाथा आणि शिराळ्याच्या पश्चिमेस चांदोलीचा परिसर येथे हिरड्याचे वृक्ष आढळतात. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्यापूर्वीच काढलेले कोवळे फळ. ज्या वृक्षाची सर्व फळे अशी उतरविली, त्याचे त्या वर्षीचे बीज संपले. उरलेली पक्व फळे गळतात, त्यांतील पुष्कळ बिया उंदीर व खारी खातात.

भावप्रकाशात हरीतकीच्या सात जाती सांगताना अमृता मांसल, तर पूतना मोठ्या अस्थीची, असा भेद केला आहे. ही अस्थी म्हणजेच आठळी. गुंजेच्या बीचे पातळ पण पाणीबंद कवच खरवडले की ती रुजते. हिरड्यात गर्भाभोवती फळाचेच जाड, काष्ठमय कवच असते. ते ओल सावकाश आत जाऊ देते व अंकुराची वाट अडविते. बीज मृत नसते, अडकलेले असते. आम्ही प्रथम आठळ्या तशाच पेरल्या. पावसाळा सरला तरी वाफा रिकामाच राहिला.

रुजवणीची रीत अशी :

१. झाडाखाली पडलेली पक्व, निरोगी फळे गोळा करावीत. चूर्णासाठी फोडलेल्या आठळ्या निरुपयोगी होत.

२. गर काढून आठळ्या धुवाव्यात व सावलीत सुकवाव्यात.

३. आठळीचे रुंद टोक सिकेटरने किंचित कापावे. आतील गर्भास इजा होऊ देऊ नये. इजा झालेले बी कुजते.

४. कापलेल्या आठळ्या थंड पाण्यात ३६ तास भिजवाव्यात.

५. पावसाळ्यापूर्वी वाफ्यात पेरून मातीने झाकाव्यात, ओल राखावी व उंदरांपासून जपावे.

औषधनिर्मात्यांना आमची एक विनंती आहे. माल घेताना प्रत्येक झाडावर काही फळे पक्व होण्यासाठी राखावीत, असे संकलकांना आवर्जून सांगावे व त्याचा मोबदलाही द्यावा. वैद्यबंधूंनी चिकित्सालयाच्या आवारात निदान एक वाफा करावा. हिरड्याचे रोप सावकाश वाढते. त्याचे फळ बहुधा पुढील पिढीच्या वैद्यांच्या हाती येईल. आपण आज वापरतो तो हिरडाही मागील पिढ्यांनी राखलेल्या वृक्षांचाच आहे.